बी.पी.एड. नंतरचे आठ महिने: ग्राउंडवर खरंच काय कामाला आलं

गेल्या मे महिन्यात बी.पी.एड.चं, म्हणजे बॅचलर ऑफ फिजिकल एज्युकेशनचं, शेवटचं सेमिस्टर संपलं आणि जूनपासून मी परत आमच्या खो-खो क्लबच्या मुलींना घेऊन रोज संध्याकाळी ग्राउंडवर आहे. कोर्स चालू असताना बऱ्याच जणांनी विचारलं होतं की करू का, तेव्हा म्हटलं होतं थांबा, आधी वापरून बघते मग सांगते. आता सांगते, जरा लांबणार आहे.

मी स्वतः बारा वर्षं खो-खो खेळले आणि खेळणं सुटल्यावर चार वर्षं लहान मुलींना शिकवत होते, म्हणजे आम्हाला जसं शिकवलं गेलं तसंच, आधी राउंड, मग ओळीत उभं राहून एकेकीने खांबाचा सराव, मग मॅच, आणि उशीर झाला की पाच राउंड जास्त. मुली पळायच्या, जिंकायच्याही, पण दरवर्षी चार-पाच जणी मधेच यायच्या बंद व्हायच्या आणि का ते मला कधी कळलं नाही.

कोर्सबद्दल थोडक्यात. २०१४ च्या नियमांनंतर बी.पी.एड. दोन वर्षांचं, चार सेमिस्टरचं झालंय, आधी एका वर्षात व्हायचं. सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा असते आणि सोबत मैदानावरची फील्ड टेस्ट, त्यामुळे नुसता अभ्यास करून भागत नाही. आणि एक गोष्ट आधीच डोक्यात स्पष्ट ठेवा, हा मुळात शाळेतल्या पीटीच्या शिक्षकांसाठीचा कोर्स आहे, कोचिंग हा त्यातला एक भाग. निव्वळ कोच व्हायचं असेल तर पतियाळाचं एनआयएस (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ स्पोर्ट्स), तिथला डिप्लोमा किंवा सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्स.

आता खरा उपयोग कशाचा झाला ते. इंटर्नशिपच्या वेळी आमच्या सरांनी एक काम दिलं होतं, तासाला एकच विद्यार्थी निवडायचा आणि तो प्रत्यक्ष हालचाल करत असेल तेवढाच वेळ स्टॉपवॉच चालू ठेवायचं. तेव्हा मी ते जर्नल भरण्यापुरतं केलं. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला वर्ल्डकप झाला, भारताच्या महिला आणि पुरुष दोन्ही टीम जिंकल्या, प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर दोघंही कॅप्टन आपल्या महाराष्ट्राचे, त्यानंतर आमच्याकडे संख्या १४ वरून २४ वर गेली. मग जूनमध्ये सहज धाकट्या बहिणीच्या हातात स्टॉपवॉच दिलं आणि सांगितलं की त्या निळ्या टी-शर्टवालीकडेच बघ. ६० मिनिटांचा सराव, पोरगी हलली ११ मिनिटं. ११! बाकीचा वेळ ओळीत उभी, नाहीतर माझं बोलणं ऐकत. मला त्या रात्री झोप लागली नाही, कारण तिचे वडील रोज आठ किलोमीटरवरून तिला गाडीवर आणून सोडतात.

दुसऱ्या दिवसापासून चार ठिकाणं केली, सहा-सहा जणी. एकीकडे खांब, एकीकडे बसून खो देणं, एकीकडे हुलकावणी, आणि एका कोपऱ्यात माती खणून भुसभुशीत केली तिथे सूर मारणं. दहा मिनिटं झाली की शिट्टी आणि गट बदलायचे. आठवड्याने परत मोजलं तर ३४ मिनिटं. फी तीच, ग्राउंड तेच, मुलीही त्याच, फक्त मांडणी बदलली.

दुसरी गोष्ट बोलण्याची. मोटर लर्निंगमध्ये, म्हणजे माणूस हालचाली कशा शिकतो त्या विषयात, फिट्स आणि पोस्नर यांचे १९६७ चे शिकण्याचे तीन टप्पे असतात, परीक्षेत सगळे लिहितात, पण त्यातलं पहिल्या टप्प्याचं मला ग्राउंडवर कळलं. नवीन पोरगी प्रत्येक हालचाल मनात विचार करून करत असते, तिला एका वेळी एकच गोष्ट पेलते. एक सातवीतली मुलगी खो आधी म्हणायची आणि हात नंतर लावायची, दर वेळी फाऊल. पूर्वी मी लांबून ओरडले असते, हात बघ, वाकून ये, पाय कुठे, लवकर उठव. या वेळी फक्त एवढंच म्हणत राहिले, "हात टेकला की आवाज." तीन दिवस दुसरं काही नाही. चौथ्या दिवशी ती स्वतःच म्हणाली, ताई, आता येतंय ना?

गुडघ्याचं तर आवर्जून सांगते. १३ वर्षांची मुलगी, एका वर्षात भराभर उंच झालेली, वाटीच्या खाली टेंगूळ आलेलं आणि दाबलं की दुखायचं. आधीची मी म्हणाले असते, पळ, मोकळं होईल. कोर्समध्ये ऑसगुड-श्लाटर नावाचा गुडघ्याचा त्रास शिकवला होता, वाढीच्या वयात मांडीच्या स्नायूचा कंडरा नडगीच्या हाडाच्या वरच्या टोकाला ओढतो तो. डॉक्टरांकडे पाठवलं, त्यांनीही तेच सांगितलं, मग दोन महिने सूर आणि उड्या बंद, तिला स्कोअर लिहायला आणि अंपायरिंगला घेतलं. ती टिकली. आधी बंद झालेल्या मुलींमध्ये अशा किती असतील हा विचार मनातून जात नाही.

वर्षाच्या प्लॅनिंगचं मात्र जसंच्या तसं चाललं नाही. पुस्तकात तयारीला कितीतरी महिने असतात, आपल्याकडे शाळा जूनमध्ये उघडते आणि पावसाळा सरतो न सरतो तोच शालेय स्पर्धा येऊन ठेपतात, वर ग्राउंडवर चिखल. मग जून-जुलैत पावसाच्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात स्क्वॉट, प्लँक, दोरीवरच्या उड्या असं करून घेतलं, म्हणजे तत्त्व पुस्तकातलं पण वेळापत्रक पावसाचं.

तक्रारीही आहेत आणि त्या मनापासून आहेत. कॉलेजचं नाव घेत नाही. शिकवण्याच्या सरावाचे बरेचसे लेसन आम्ही आमच्याच वर्गावर घेतले, २५-२५ वर्षांचे लोक आठवीची मुलं म्हणून उभे, एक शिट्टी मारली की सगळे सरळ, खरी आठवीची मुलं कधी अशी उभी राहतात का. बायोमेकॅनिक्स, म्हणजे शरीराच्या हालचालींमागचं शास्त्र, पूर्ण फळ्यावर, एकदाही कोणाच्या धावण्याचा व्हिडिओ लावून बघितला नाही, मोबाईल सगळ्यांच्या खिशात होता. आणि सगळ्यात जास्त खटकलं ते पाळीबद्दल, दोन वर्षांत मिळून अर्धा तास. माझ्याकडे २४ मुली आहेत, कोणाला पोटात दुखतं, कोणी चार दिवस येतच नाही, कोणाची सुरूच झालेली नाही, हे मी गावातल्या डॉक्टर बाईंकडे जाऊन शिकले. त्या डिसेंबरमध्ये स्वतः ग्राउंडवर आल्या, मुलींशी बोलल्या, आणि पुढच्या महिन्यात सुट्टी मागायला मुली खोटं कारण न सांगता सरळ येऊन सांगायला लागल्या.

ज्यांना करायचंय त्यांनी कॉलेज बघायला जाताना ऑफिसात नका थांबू, संध्याकाळी पाच वाजता ग्राउंडवर जा आणि तिथे खरी शाळेची मुलं येतात का, त्यांना कॉलेजचे विद्यार्थी शिकवतात का ते बघा. येत असतील तर अ‍ॅडमिशन घ्या. मी या उन्हाळ्यात सहा आठवड्यांच्या कोर्सचा फॉर्म भरतेय, तोवर निळ्या टी-शर्टवालीचं फेब्रुवारीत परत मोजायचंय.