अमळनेरला दोघांनी राहायचं तर: घरगुती खोली की लॉज?

मंगळग्रह मंदिराला जायचं म्हणून बरेच नवरा-बायको अमळनेरला मुक्काम करतात. स्टँडजवळचा लॉज स्वस्त, चेकइनला दोघांचं आधार दिलं की काम झालं, रात्री कितीही वाजता या कोणी विचारत नाही, पण सकाळी चहासाठी खाली टपरीवरच जावं लागतं आणि हॉर्न पहाटेपासून सुरू.

घरगुती खोलीत मात्र नाश्ता त्याच भाड्यात, आणि थंडीत गेलात तर नशीबच, कारण मागच्या अंगणात कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजतात, साल काढून बडगीत (ठेचायचं लाकडी भांडं) हिरव्या मिरचीसोबत ठेचतात, वर कांद्याची पात, आणि सोबत गरम कळण्याची भाकरी, ज्वारी-उडदाची. काकू तिसरी भाकरी न विचारता वाढतात. अडचण एवढीच की दहानंतर फाटक बंद, आणि "लग्नाला किती वर्षं झाली, मुलंबाळं?" हे होणारच (बायकोला मजा वाटते, मला नाही).

मंगळवारी गर्दी असते, दोन्हीकडे आधी फोन करा. सुरत-भुसावळ लाईनवरच्या रात्रीच्या गाडीने उतरणार असाल तर लॉजच घ्या, निवांत दोन दिवस असतील तर काकूंकडे, साने गुरुजी शिकवायचे ती प्रताप शाळापण बघून होते.