रक्त एका टोच्यात काढतात, वेळ मात्र लिहीत नाहीत (५ पैकी अडीच स्टार)

लॅबचं नाव लिहीत नाही, भांडण नकोय. पुण्यातलीच, आमच्या घरापासून दहा मिनिटांवर, बोर्डवर मोठ्ठं '२४ तास चालू' आणि लॅब दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट आम्ही गेलो तेव्हा बंद. छातीत दुखणारा माणूस जिना चढून कार्डियाकची टेस्ट करायला जातोय, म्हणजे स्ट्रेस टेस्ट फुकट झाली म्हणायची.

झालं असं, रात्री साडेदहाला बाबा म्हणायला लागले छातीत जळजळतंय, त्यात भरीत आणि मिरचीचा ठेचा झालेला, म्हणून सगळ्यांनीच ॲसिडिटी धरली, ईनो दिलं, आणि अकराला त्यांना घाम फुटला. तेव्हाच सरळ हॉस्पिटल गाठून ईसीजी काढायला हवा होता, ती चूक शंभर टक्के आमची, लॅबवर ढकलत नाही. पण बाबांचा हट्ट, आधी रक्त तपासू, उगाच ॲडमिट करून घेतात. साडेअकराला रक्त दिलं. काउंटरवर 'कार्डियाक एन्झाइम प्रोफाइल' घ्या म्हणाले, १,४५० रुपये, त्यात सीपीके, सीके-एमबी, एसजीओटी, एलडीएच, म्हणजे पेशींना इजा झाली की रक्तात वाढणारी एन्झाइम. एकच्या सुमाराला रिपोर्ट, सगळं रेंजमध्ये. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "नॉर्मल आहे काका, झोपा निवांत." आणि आम्ही खरंच झोपलो हो!

पहाटे परत दुखायला लागलं, ह्या वेळी डावा हात आणि जबडा पण. फॅमिली डॉक्टरांना फोन लावला तर त्यांचा पहिला प्रश्न, रक्त कधी घेतलं? रिपोर्ट चाळला तर त्यावर फक्त रिपोर्ट प्रिंट झाल्याची वेळ, १:१०. सॅम्पल कधी घेतलं ते कुठेच नाही. मी म्हणलं साडेअकराला, दुखायला लागल्यावर तासाभरात. ते म्हणाले मग त्या रिपोर्टला काही अर्थ नाही, लगेच हॉस्पिटलला निघा.

तिथे ट्रोपोनिन आय (हार्टच्या स्नायूतलं प्रोटीन, इजा झाली की रक्तात वाढतं) केलं, ४१२ नॅनोग्रॅम प्रति लिटर, तीन तासांनी परत केलं तर १,२६०. अटॅकच होता, अँजिओग्राफी झाली आणि एक स्टेंट पडला. आयसीसीयूतल्या डॉक्टरांनी मग नीट समजावलं. स्नायूला इजा झाली की आतला माल रक्तात उतरतो, पण लगेच नाही, सीके-एमबी वाढायला चारेक तास तरी लागतात, चोवीस तासांच्या आसपास सगळ्यात वर जातं आणि दोन-तीन दिवसांत खाली येतं. ट्रोपोनिन आठवडाभर, कधी दोन आठवडेही वर राहतं. म्हणून एकच आकडा बघून काही कळत नाही, काही तासांनी परत बघायचं, चढतोय का ते. आणि किती चढला त्यावरून किती स्नायू गेला आणि पुढे त्रास व्हायची शक्यता किती, ह्याचा ढोबळ अंदाज लावतात. किडनीचा पेशंट असेल तर ट्रोपोनिन अटॅक नसतानाही वर असू शकतं, म्हणून बाबांचं क्रिएटिनिन पण बघितलं, ते ठीक निघालं. बाबा मात्र बेडवरून विचारत होते, "मला किती मार्क पडले?" इथे कमी पडलेले बरे, हे पटवायला दोन दिवस गेले.

आता पॅकेजबद्दल, कारण राग त्याचा आहे. एसजीओटीचा हार्ट अटॅकशी संबंध १९५४ साली कळला, तेव्हा ती मोठी गोष्ट होती, आज ती टेस्ट लोक लिव्हरसाठी करतात. एलडीएचही हार्ट अटॅकसाठी आता मागे पडलंय. आणि ज्याची खरी गरज, ते ट्रोपोनिन ह्या पॅकेजमध्ये नाहीच, वेगळे १,२०० रुपये. ते एन्झाइम नाही, प्रोटीन आहे, त्यामुळे 'एन्झाइम प्रोफाइल' हे नाव अगदी बरोबर आहे म्हणा!

आता चांगलं पण लिहितो, नाहीतर अन्याय होईल. महिन्याने डॉक्टरांनी एनटी-प्रोबीएनपी करायला सांगितलं (हार्टवर ताण किती आहे ते त्यात दिसतं), जवळ म्हणून ह्याच लॅबचं होम कलेक्शन घेतलं. सातची वेळ दिली होती, ७:१५ ला ताई हजर. बाबांची शीर सापडत नाही, हॉस्पिटलात तीन-तीन वेळा टोचलेलं, हिने एका टोच्यात काम केलं, काळंनिळंसुद्धा झालं नाही. आणि टोचायच्या आधी विचारलं, "काका, केसांच्या किंवा नखांच्या गोळ्या घेता का? त्यातल्या बायोटिनने काही मशीनवर रिपोर्ट चुकतो." बाबांनी नुसता टकलावरून हात फिरवला.

मी तिला ती रात्रीची गोष्ट सांगितली. काही बोलली नाही, खिशातलं पेन काढून ट्यूबच्या लेबलवर आणि आमच्या पावतीवर वेळ लिहिली, ७:२०. संध्याकाळी रिपोर्ट आला, त्यावर नेहमीप्रमाणे फक्त प्रिंटची वेळ. अडीचातले दोन स्टार ताईंचे.