मेलबर्नमध्ये बसून अमेरिकन टीव्हीच्या बातम्या वाचणं: बऱ्याच महिन्यांनंतरचा अनुभव

आधीच सांगतो, हा कुठल्या एका ॲपचा रिव्ह्यू नाहीये. डेडलाइन, व्हरायटी, टीव्हीलाइन असल्या अमेरिकन साइट्सवर टीव्हीच्या बातम्या वाचायच्या आणि त्यावरून इथे ऑस्ट्रेलियात कुठलं सबस्क्रिप्शन चालू ठेवायचं नि कुठलं बंद करायचं ते ठरवायचं, हा उद्योग मी बरेच महिने करतोय, त्याबद्दल लिहितोय. आमच्या मराठी ग्रुपवर दर आठवड्याला कोणीतरी विचारतंच की अमुक सिरीज कुठे बघायची, म्हटलं एकदाच सगळं लिहून टाकू.

माझं मत असं झालंय की बातमीतली तारीख बहुतेक वेळा आपल्यालाही लागू पडते, पण तो शो इथे कुठे दिसणार हे त्या बातमीतून जवळपास कधीच कळत नाही, आणि खिशातले पैसे जातात ते नेमके त्याच्यावरच.

यलोस्टोन या सिरीजचंच घ्या. अमेरिकेत तो पॅरामाउंट नेटवर्क नावाच्या केबल चॅनलवर लागायचा, तिथे स्ट्रीमिंगला गेला पीकॉक ॲपवर, आणि आपल्याकडे स्टॅन या इथल्या स्ट्रीमिंग ॲपवर. मग त्याचेच पूर्वज दाखवणारे १८८३ आणि १९२३ बघायचे तर पॅरामाउंट प्लस घ्या. म्हणजे एकच घराणं, एकच रँच, आणि आपल्याला दोन बिलं! अमेरिकन बातमीत यातलं काहीही नसतं, तिथे आपलं 'पॅरामाउंटचा शो' एवढंच लिहितात आणि माणूस बिचारा पॅरामाउंट प्लस उघडून शोधत बसतो.

त्यामुळे मी आता चॅनलचं नाव सोडून मालक कोण ते बघतो. एचबीओ या अमेरिकन चॅनलचं असेल तर सोपं झालंय, ३१ मार्च २०२५ ला त्यांचं मॅक्स ॲप इथे सुरू झालं (जुलैपासून परत एचबीओ मॅक्स), त्याआधी हा सगळा माल फॉक्सटेल आणि बिंज या इथल्या पैसे भरून बघायच्या सेवांकडे असायचा. द लास्ट ऑफ असचा पहिला सीझन आम्ही बिंजवर बघितला होता आणि दुसऱ्याला मुकाट नवीन ॲप घ्यावं लागलं. सीबीएस या अमेरिकन चॅनलचं असेल तर टेन किंवा पॅरामाउंट प्लस आधी बघायचं, कारण इथलं टेन चॅनल २०१७ मध्ये सीबीएसनेच विकत घेतलंय, आणि पॅरामाउंट प्लसही त्याच घरातलं. हुलू या अमेरिकन ॲपचं वेगळं सबस्क्रिप्शन इथे नाहीच, त्याचा आणि एफएक्स चॅनलचा बराचसा माल डिस्ने प्लसवर येतो, द बेअर, शोगन वगैरे. पण इथेही गंमत आहे, द हँडमेड्स टेल हा हुलूचा शो आणि फार्गो हा एफएक्सचा, हे दोन्ही इथल्या एसबीएस चॅनलवर आले, म्हणजे चक्क फुकट, जाहिराती तेवढ्या सहन करायच्या. पीकॉकही इथे नाही, आणि त्यांचा शो कोण उचलेल याचा काही नेम नाही. अशा वेळी जस्टवॉचवर (कुठला शो कुठे दिसतो ते सांगणारी साइट) देश ऑस्ट्रेलिया करून शोधायचं, आणि तिथे नाव दिसेपर्यंत कोणालाही पैसे द्यायचे नाहीत.

एबीसीचा घोळ तर घरोघरी आहे. बातमी येते, 'एबीसीने अबॉट एलिमेंटरीला नवा सीझन दिला'. बायको खूश, "अरे वा, म्हणजे आपल्या आयव्ह्यूवर फुकट!" तिला सांगितलं, बाई गं, तो अमेरिकेतला एबीसी, डिस्नेचा, आपला एबीसी सरकारी, आयव्ह्यू ॲप त्याचं, दोघांचा काडीचा संबंध नाही. तर ती म्हणे मग नाव तरी वेगळं ठेवायचं. बरोबर आहे तिचं.

आता वेळेचं, कारण इथे या बातम्यांचा खरा उपयोग होतो. अमेरिकेत (न्यूयॉर्कच्या वेळेने) रविवारी रात्री नऊ म्हणजे आपल्याकडे हिवाळ्यात सोमवारी सकाळी अकरा, आणि उन्हाळ्यात दुपारी एक. मधे मार्चमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये काही आठवडे बारा होतात, कारण त्यांचं घड्याळ आणि आपलं घड्याळ एकाच दिवशी बदलत नाही. ब्रिस्बेनवाल्यांना ही भानगड वेगळी, त्यांचं घड्याळ हलतच नाही, आणि पर्थचा मित्र तर हिवाळ्यात सकाळी नऊलाच बघून मोकळा होतो. पुण्यातला मावसभाऊ जिओहॉटस्टारवर तोच एपिसोड साडेसहाला चहाबरोबर बघतो आणि लगेच मेसेज टाकतो, "बघितलास का??" अरे मी मीटिंगमध्ये आहे बाबा!

म्हणजे सोमवारी अकरा ते संध्याकाळी घरी पोचेपर्यंत या साइट्स उघडायच्याच नाहीत. एपिसोडमध्ये काय झालं ते सांगणारे त्यांचे रिकॅप तो संपल्या संपल्या येतात, आणि कोण मेलं ते हेडलाइनमध्ये नसलं तरी फोटोत असतंच. एका स्ट्रीमिंग ॲपने तर, नाव घेत नाही, फायनलचं नोटिफिकेशन असलं पाठवलं की बघायला काही शिल्लकच राहिलं नाही. तेव्हापासून सगळ्यांची नोटिफिकेशन्स बंद.

हे असलं तरी पूर्वीपेक्षा सुखच म्हणायचं. पूर्वी अमेरिकेत सप्टेंबरात सुरू झालेला शो इथले चॅनलवाले फेब्रुवारीपर्यंत दाबून ठेवायचे, कारण इथलं रेटिंगचं वर्ष फेब्रुवारी ते नोव्हेंबर, उन्हाळ्याच्या सुट्टीत कोण चांगला माल लावणार. लोक मग डाउनलोड करायचे, गेम ऑफ थ्रोन्सच्या काळात पायरसीत ऑस्ट्रेलियाचं नाव पहिल्या ओळीत असायचं. आता द पिटसारखा शो अमेरिकेत गुरुवारी रात्री आला की आपल्याकडे शुक्रवारी. दर आठवड्याला एक एपिसोड असल्यामुळे मी तर सीझन अर्ध्याच्या पुढे गेला की मगच महिन्याचे पैसे भरतो, मागचे एकदम बघायचे नि शेवट सगळ्यांबरोबर. हा हिशोब जमतो तो फक्त तारीख आधी कळल्यामुळे, आणि यातच माझे सगळ्यात जास्त पैसे वाचलेत.

शो चालू राहणार की बंद होणार, या बातम्याही कामाच्या. पोकर फेस इथे स्टॅनवर, पण त्याचं नशीब ठरवलं पीकॉकने, नोव्हेंबर २०२५ मध्ये दोन सीझनवर थांबवला. स्टॅनवर कितीही लोकांनी बघितला असता तरी त्याने काय फरक पडणार होता? आपण बघायचं फक्त, मत विचारायला कोणी येत नाही. म्हणून पुढच्या सीझनचं काहीच ठरलेलं नाही असा शो मी सध्या सुरूच करत नाही, मित्र म्हणतात अति करतोस, म्हणोत.

बाकी निम्म्या बातम्या आपल्यासाठी कचरा. अमुक शो मंगळवारचा बुधवारी नेला, लोकल स्टेशनवाल्यांची नेटवर्कशी भांडणं, मे महिन्यात न्यूयॉर्कला जाहिरातदारांसमोर होणारे अपफ्रंट्सचे कार्यक्रम. अपफ्रंट्समधून सप्टेंबरला काय येणार ते कळतं म्हणून तेवढी यादी चाळतो, बाकी सोडून देतो. स्टीफन कोलबेअरचा सीबीएसवरचा रात्रीचा गप्पांचा कार्यक्रम, लेट शो, बंद करणार हे जुलै २०२५ मध्ये जाहीर झालं तेव्हा मात्र सगळं वाचून काढलं, उपयोग शून्य, पण उत्सुकता होती.

आणि ज्यांच्याकडे फक्त नेटफ्लिक्स आहे त्यांनी या भानगडीत पडूच नये. त्यांचे स्वतःचे शो सगळीकडे एकाच वेळी येतात, कॅलिफोर्नियात मध्यरात्र झाली की आपल्याकडे हिवाळ्यात संध्याकाळी पाच आणि उन्हाळ्यात सात, जेवायच्या आधी एक एपिसोड आरामात होतो.