इतिहास आणि संस्कृतीसाठी सिडनी की मेलबर्न?

सिडनी आणि मेलबर्न या दोन्ही शहरांना पुरेसा वेळ देता आला, तर निवडीचा प्रश्नच उरत नाही. परंतु रजा मोजकी असेल आणि समुद्रकिनारे व खरेदी यांपलीकडे जाऊन ऑस्ट्रेलिया हा देश समजून घ्यायचा असेल, तर बहुतेकांना यांपैकी एकच शहर निवडावे लागते, कारण रस्त्याने दोहोंमधील अंतर ९०० किलोमीटरच्या जवळपास आहे आणि एकात राहून दुसरे धावते पाहण्यात फारसे काही हाती लागत नाही. पुढील तुलना इतिहास आणि संस्कृती या दोनच अंगांनी केली आहे. निसर्गसौंदर्य हा निकष असता, तर सिडनीच्या बंदरापुढे मेलबर्नची बाजू मांडणे अवघड झाले असते.

सिडनीचा वसाहतकालीन इतिहास २६ जानेवारी १७८८ रोजी सुरू होतो. त्या दिवशी आर्थर फिलिप याने इंग्लंडहून शिक्षा झालेल्या कैद्यांना घेऊन आलेल्या ११ जहाजांच्या ताफ्याची वसाहत या बंदरात स्थापन केली. ज्या किनाऱ्यावर हे लोक उतरले तो गाडिगल या आदिवासी समूहाचा होता. पुढच्याच वर्षी आलेल्या देवीच्या साथीने परिसरातील आदिवासी मोठ्या संख्येने दगावले. आज ऑपेरा हाउस उभे आहे त्या भूशिराला बेनेलाँग याचे नाव आहे. फिलिपने आधी पकडून आणलेल्या आणि नंतर दोन्ही समाजांमधील दुवा ठरलेल्या या आदिवासी पुरुषासाठी १७९० मध्ये तेथे एक झोपडी बांधून देण्यात आली होती. जगातील सर्वाधिक छायाचित्रे निघणाऱ्या वास्तूंपैकी एका वास्तूसमोर उभे राहताना हे ठाऊक असणे मला आवश्यक वाटते, कारण २६ जानेवारी हा तेथील राष्ट्रीय दिवस असला, तरी १९३८ साली याच शहरात आदिवासी नेत्यांनी तो शोकदिन म्हणून पाळला होता आणि तो वाद आजही मिटलेला नाही.

कैद्यांच्या छावणीला शहराचे रूप दिले ते १८१० ते १८२१ या काळातील गव्हर्नर लाखलन मॅक्वारी याने. या माणसाने लष्करी अधिकारी म्हणून उमेदीची अनेक वर्षे मुंबईत काढली होती आणि १७९३ मध्ये त्याचे पहिले लग्नही मुंबईतच झाले होते. सिडनीत आल्यावर त्याने सरकारी इमारतींच्या कामाला फ्रान्सिस ग्रीनवे हा वास्तुविशारद नेमला. ग्रीनवे हा बनावट दस्तऐवज केल्याबद्दल फाशीची शिक्षा झालेला आणि ती कमी होऊन हद्दपारीवर आलेला कैदी होता. त्याने रेखाटलेले हाइड पार्क बॅरक्स हे कैद्यांचे निवासस्थान १८१९ मध्ये पुरे झाले आणि २०१० पासून ते जागतिक वारसा यादीत आहे. पुढे १९६६ मध्ये निघालेल्या दहा डॉलरच्या नोटेवर याच ग्रीनवेचे चित्र छापले गेले. दस्तऐवजाच्या बनावटगिरीबद्दल हद्दपार झालेल्या माणसाला चलनी नोटेवर स्थान देणारा समाज स्वतःच्या भूतकाळाकडे कसा पाहू लागला होता, हे त्यावरून उमगते. सिडनीत फक्त एकच वास्तू आतून पाहायची असेल, तर मी ऑपेरा हाउसऐवजी बॅरक्स सुचवेन.

त्याखालोखाल महत्त्वाचा आहे तो द रॉक्स हा बंदरालगतचा सर्वांत जुना भाग. त्याच्या दगडी गल्ल्या आज शिल्लक आहेत याचे श्रेय रहिवाशांना आणि बांधकाम कामगारांच्या संघटनेला जाते. १९७० च्या दशकाच्या आरंभी जॅक मंडी यांच्या नेतृत्वाखालील या कामगारांनी पाडकाम करण्यास नकार दिला आणि उंच इमारतींची योजना रोखून धरली. स्वतःचा रोजगार बुडत असताना वारशासाठी काम थांबवणाऱ्या कामगारांची ही हकिकत, गिरण्यांच्या जागी मनोरे उभे राहिलेले पाहणाऱ्या मुंबईकराने अवश्य जाणून घ्यावी. १९३२ चा हार्बर ब्रिज आणि १९७३ मध्ये खुले झालेले ऑपेरा हाउस ही दोन्ही स्थळे बंदरावरच असल्यामुळे याच फेरफटक्यात पाहून होतात.

मेलबर्नची सुरुवात वेगळी झाली. १८३५ मध्ये जॉन बॅटमन याने वुरुंजेरी लोकांशी जमिनीचा करार केल्याचा दावा केला आणि गव्हर्नर बर्क याने तो लगेच रद्दबातल ठरवला, कारण ती जमीन आदिवासींची होती हेच सरकारला मान्य नव्हते. पुढे १८५१ मध्ये मेलबर्नभोवतालचा व्हिक्टोरिया हा प्रदेश स्वतंत्र वसाहत झाला, त्याच वर्षी तेथे सोने सापडले आणि दहा वर्षांत वसाहतीची लोकसंख्या सुमारे ७७ हजारांवरून सुमारे ५ लाख ४० हजारांवर गेली. त्या पैशाचे मेलबर्नने काय केले, हे मला या शहराचे सर्वांत मोठे आकर्षण वाटते. सार्वजनिक ग्रंथालय १८५६ मध्ये उघडले आणि राष्ट्रीय कलादालन १८६१ मध्ये स्थापन झाले. त्याच १८५६ मध्ये येथील पाथरवटांनी काम थांबवून मोर्चा काढला आणि पूर्ण मजुरीसह आठ तासांचा कामाचा दिवस मिळवला. सोन्याची दुसरी बाजूही शहरात दिसते. चिनी खाणकामगारांना रोखण्यासाठी १८५५ मध्ये माणशी दहा पौंडांचा कर लावण्यात आला, तेव्हा हजारो चिनी लोक शेजारच्या वसाहतीतील रोब बंदरावर उतरून शेकडो किलोमीटर पायी खाणींपर्यंत गेले. लिटल बर्क स्ट्रीटवरील चायनाटाउन त्याच काळापासून सलग नांदते आहे.

कार्लटन गार्डन्समधील रॉयल एक्झिबिशन बिल्डिंग १८८० च्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनासाठी बांधली गेली. प्रदर्शन भरलेले असतानाच, ११ नोव्हेंबर १८८० रोजी, तेथून पायी जाता येईल अशा तुरुंगात नेड केली या दरोडेखोराला फाशी देण्यात आली. तो तुरुंग आता संग्रहालय आहे आणि केलीचे लोखंडी चिलखत ग्रंथालयात ठेवलेले आहे. ९ मे १९०१ रोजी देशाच्या पहिल्या संसदेचे उद्घाटनही याच प्रदर्शनगृहात झाले. राजधानी सिडनीच्याच न्यू साउथ वेल्स राज्यात, परंतु सिडनीपासून किमान १०० मैल दूर असावी आणि ती उभी राहीपर्यंत संसद मेलबर्नला भरावी, अशी तडजोड राज्यघटनेतच घातलेली होती. त्यामुळे १९२७ पर्यंत देशाचा कारभार येथूनच चालला. ग्रंथालय, तुरुंग, प्रदर्शनगृह आणि त्यामागील मेलबर्न म्युझियममधील आदिवासी संस्कृतीचे बुंजिलाका दालन इतके जवळजवळ आहे की, एका भरगच्च दिवसात हा सारा इतिहास पायी उलगडतो.

मराठी वाचकाला क्रिकेट वगळून चालणार नाही आणि येथे तर ते इतिहासाचाच भाग आहे. सिडनीच्या मैदानावर सचिन तेंडुलकर यांनी २००४ मध्ये नाबाद २४१ धावा केल्या आणि २०२३ मध्ये तेथील एका प्रवेशद्वाराला लारा व तेंडुलकर यांची नावे देण्यात आली. मेलबर्नचे मैदान मात्र अधिक खोलात नेते. पहिला कसोटी सामना मार्च १८७७ मध्ये येथेच झाला. त्याआधी १८६६ च्या बॉक्सिंग डेला, म्हणजे २६ डिसेंबरला, येथे आदिवासी संघ खेळला होता आणि त्यातील जॉनी मुलाघ १८६८ च्या इंग्लंड दौऱ्यात नावारूपाला आला. बॉक्सिंग डे कसोटीतील सर्वोत्तम खेळाडूला त्याच्या नावाचे पदक देण्याची प्रथा २०२० मध्ये सुरू झाली आणि ते पहिले पदक, ॲडलेडमधील ३६ धावांच्या नामुष्कीनंतर कर्णधार म्हणून शतक झळकावून सामना जिंकून देणाऱ्या अजिंक्य रहाणे यांना मिळाले.

रोजच्या जगण्यातील संस्कृती पाहायची असेल, तर माझा कल निःसंशय मेलबर्नकडे आहे. सिडनीने १९६१ मध्ये आपल्या जुन्या ट्राम बंद केल्या, मेलबर्नने त्या टिकवल्या, आणि शहराच्या मध्यभागी त्यांतून विनामूल्य फिरता येते. युद्धानंतर आलेल्या इटालियन आणि ग्रीक कुटुंबांनी रुजवलेली कॉफीची दुकाने, भित्तिचित्रांनी भरलेल्या गल्ल्या, १८७८ पासूनची क्वीन व्हिक्टोरिया मार्केट, कलादालनातील विनामूल्य पाहता येणारा कायमस्वरूपी संग्रह, यांसाठी वेगळी सहल आखावी लागत नाही. सोन्याच्या काळाची गोडी लागलीच, तर रेल्वेने साधारण दीड तासावर बॅलरॅट आहे, जेथे १८५४ मध्ये खाणकामगारांनी परवाना शुल्काविरुद्ध सशस्त्र उठाव केला होता.

तेव्हा हाताशी दोनच दिवस असतील, तर सिडनी निवडावी, कारण वसाहतीचा आरंभ आणि आदिवासींच्या विस्थापनाची सुरुवात समजून घेण्यास तेवढ्या वेळात बंदराभोवतालचा परिसर पुरतो. चार किंवा अधिक दिवस असतील, तर मुक्काम मेलबर्नला करावा. आणि परतीचे विमान सिडनीहून मिळत असेल, तर त्या आधीची एक सकाळ हाइड पार्क बॅरक्स आणि द रॉक्स यांसाठी राखून ठेवावी.