एक्स्प्रेस की विंगमास्टर: पंप-ॲक्शन शिकारी बंदूक निवडताना

रेमिंग्टन ८७० ही अमेरिकन पंप-ॲक्शन शॉटगन, म्हणजे पुढची मूठ मागेपुढे ओढून रिकामे काडतूस काढणारी आणि नवे भरणारी छर्ऱ्यांची बंदूक, १९५० साली बाजारात आली आणि तेव्हापासून तिच्या एक कोटीहून अधिक प्रती विकल्या गेल्या आहेत. सुरुवातीची बंदूक म्हणजे विंगमास्टर: आरशासारखे चकाकणारे निळे-काळे पोलाद आणि अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता. १९८७ साली याच बंदुकीची स्वस्त आवृत्ती एक्स्प्रेस या नावाने निघाली. तिचे पोलाद मंद काळे, चकाकी नसलेले, आणि दस्ता साध्या लाकडाचा किंवा सिंथेटिक होता. नव्याने घेताना विंगमास्टरला एक्स्प्रेसच्या साधारण दुप्पट पैसे मोजावे लागत. त्यामुळे दोन्हींमध्ये अडकलेल्या माणसाचा खरा प्रश्न एकच असतो, तो म्हणजे वरच्या पैशांत नेमके काय मिळते. माझे उत्तर आधीच सांगून ठेवतो. त्या पैशांत वेगळी बंदूक मिळत नाही, त्याच बंदुकीवर जास्त वेळ राबलेला कारागिराचा हात मिळतो. त्या हाताची गरज कोणाला आहे आणि कोणाला नाही, एवढेच ठरवायचे असते.

दोन्ही बंदुकांत काय सारखे आहे ते आधी पाहिले पाहिजे, कारण दुकानातल्या उजेडात ते सहज विसरले जाते. दोन्हींचा रिसीव्हर, म्हणजे नळीमागचा यंत्रणा सामावणारा मधला भाग, पोलादाच्या अखंड ठोकळ्यातून कापून काढलेला असतो. दोन्हींमध्ये बोल्टचा, म्हणजे काडतुसामागून नळी बंद करणाऱ्या सरकत्या तुकड्याचा, लॉक थेट नळीच्या मागच्या वाढीव भागात अडकतो, म्हणजे बार उडताना येणारा ताण नळी आणि बोल्ट आपसातच पेलतात आणि रिसीव्हरवर त्याचा भार पडत नाही. पुढच्या मुठीपासून बोल्टपर्यंत जाणाऱ्या पट्ट्या दोन्हींत दोन-दोन आहेत. विंचेस्टर मॉडेल १२ सारख्या जुन्या नावाजलेल्या बंदुकीत अशी एकच पट्टी होती. दोन पट्ट्यांमुळे घाईत मूठ तिरपी ओढली गेली तरी बोल्ट सरळ मागे येतो. ट्रिगरचा संपूर्ण जोड दोन पिना काढल्या की खाली उतरतो, हेही दोन्हींत तसेच आहे. नेम, पल्ला आणि मजबुती या तीन बाबतींत स्वस्त बंदूक कमी पडेल अशी भीती बाळगण्याचे कारण नाही. त्याच नळीतून, त्याच चोकमधून (नळीच्या तोंडाशी छर्ऱ्यांचा पसारा ठरवणारा अरुंद भाग), त्याच काडतुसाचे छर्रे दोन्हींतून सारखेच पसरतात.

फरक सुरू होतो तो चेंबरपासून, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसते त्या जागेपासून, आणि माझ्या मते सगळ्या तुलनेत हीच जागा सर्वांत बारकाईने पाहण्यासारखी आहे. बार झाला की वायूच्या दाबाने काडतुसाचे बूड क्षणभर फुगून चेंबरच्या भिंतीला टेकते आणि दाब उतरताच पुन्हा आक्रसते. बूड पितळेचे असेल तर ते चांगले आक्रसते. स्वस्त काडतुसांत मात्र पितळी मुलामा दिलेले मऊ पोलाद असते आणि ते तितके मागे येत नाही. अशा वेळी चेंबरच्या भिंतीवर यंत्राच्या पात्याचे बारीक ओरखडे राहिले असतील, तर बूड त्यांतच रुतून बसते, शिकारी मूठ मागे ओढतो आणि ती जागची हलत नाही. एक्स्प्रेसबद्दल शिकाऱ्यांची जी तक्रार वर्षानुवर्षे ऐकू येते, ती बहुतेक हीच आहे. विंगमास्टरचे चेंबर अधिक घोटून गुळगुळीत केलेले असल्यामुळे तिथे ही अडचण क्वचित येते. पण हा दोष असाध्य नाही. जाणकार बंदूकसाजाकडून चेंबर घासून गुळगुळीत करून घेता येते, किंवा पितळी बुडाची काडतुसे वापरता येतात, आणि दोन्ही मार्गांचा खर्च दोन बंदुकांच्या किमतीतल्या तफावतीपेक्षा पुष्कळ कमी भरतो.

मूठ मागेपुढे करताना हाताला जाणवणारा फरकही याच कारणाने पडतो. विंगमास्टरची मूठ तेल लावलेल्या कडीसारखी सरकते, तर नव्या एक्स्प्रेसमध्ये सुरुवातीला थोडी खरखर लागते, कारण आतल्या कडांवरची धातूची बारीक कूस तितकी काढलेली नसते. ही खरखर वापराने कमी होते. काही शे काडतुसे उडवल्यावर एक्स्प्रेसही बरीच मोकळी होते. वर्षाला दोन-तीन पेट्या उडवणाऱ्याला त्यासाठी बरीच वर्षे लागतील, आठवड्याला मातीच्या तबकड्यांवर सराव करणाऱ्याला एक हंगाम पुरेल.

दुसरा मोठा फरक बाहेरच्या पोलादाचा आहे, आणि इथे मात्र पैसा सरळ टिकाऊपणात उतरतो. मंद काळ्या पृष्ठभागासाठी पोलादावर आधी बारीक कणांचा मारा केलेला असतो. डोळ्यांना न दिसणाऱ्या त्या खड्ड्यांत ओल आणि घाम अडकून राहतात, म्हणून तेलाचा हात फिरवायचा राहिला तर एका ओल्या रात्रीतही तांबूस ठिपके उमटू शकतात. घोटलेल्या निळ्या पोलादावर पाणी ठरत नाही, ते पुसले की निघून जाते. गंज दोन्हींना लागतो, पण एक्स्प्रेसच्या मालकाला शिकारीहून परतल्यावर त्याच संध्याकाळी बंदूक पुसून तेल लावण्याची सवय असावी लागते, आणि ती नसेल तर त्याने स्वस्त बंदूक घेऊच नये.

याची दुसरी बाजूही आहे. पाणथळीत बदकांची वाट पाहत बसलेल्या माणसाच्या हातात चकाकणारी नळी असली की सकाळच्या तिरप्या उन्हात तिची चमक वरून येणाऱ्या पक्ष्यांना दिसते. टर्की पक्ष्याच्या शिकारीत तर ती चमक सगळा डाव उधळून लावते. चिखलात, होडीच्या तळाशी, पावसात अक्रोडाच्या दस्त्यावर पडलेला प्रत्येक ओरखडा मनाला लागतो, आणि मालक शिकारीऐवजी बंदूक सांभाळण्यातच गुंतून जातो. अशा ठिकाणी सिंथेटिक दस्त्याची एक्स्प्रेसच योग्य. गवताळ माळावर दिवसभर चालत तित्तिर-फेझंट टिपणाऱ्याला मात्र विंगमास्टरचे लाकूड, त्याची पकड आणि खांद्याला लागतानाचा तोल रोज समाधान देईल, आणि त्या समाधानाला किंमत नाही असे मी मानत नाही.

किमतीचा हिशेब करताना चोक विसरू नयेत. एक्स्प्रेसबरोबर बहुधा मॉडिफाइड हा एकच चोक मिळत असे, विंगमास्टरबरोबर इम्प्रूव्ह्ड सिलिंडर, मॉडिफाइड आणि फुल असे तीन. ठोकळमानाने ४० यार्डांवर ३० इंच व्यासाच्या वर्तुळात इम्प्रूव्ह्ड सिलिंडरचे अर्धे, मॉडिफाइडचे ६० टक्के आणि फुल चोकचे ७० टक्के छर्रे पडतात. मोठा कागद लावून प्रत्येक काडतूस आपल्याच बंदुकीतून तपासावे, कारण प्रत्यक्ष आकडे बंदुकीगणिक बदलतात. स्वस्त बंदूक घेऊन वाचलेले पैसे दोन चोक, काही पेट्या काडतुसे आणि दस्त्याची लांबी स्वतःच्या हाताप्रमाणे करून घेण्यावर घातले, तर हाती लागणारे पक्षी नक्की वाढतात. अंगाला न बसणारी महाग बंदूक पक्ष्याच्या मागेच बार सोडत राहते.

आज निवड करणाऱ्यासाठी परिस्थिती थोडी बदलली आहे. २०२० मध्ये रेमिंग्टनचे दिवाळे निघून बंदुकांचा व्यवसाय नव्या मालकांकडे गेला, आणि एक्स्प्रेसची जागा फील्डमास्टर या मॉडेलने घेतली. म्हणजे एक्स्प्रेस आता मुख्यतः वापरलेल्या बंदुकांच्या बाजारातच भेटते, आणि त्याच बाजारात जुनी विंगमास्टरही असते. हात राखून वापरलेली जुनी विंगमास्टर पुष्कळदा नव्या स्वस्त बंदुकीच्या भावात मिळते, आणि तशी मिळाली तर मी दुसऱ्या कशाकडे पाहणार नाही. तिच्यातला एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे रिकामे काडतूस बाहेर खेचणारा आकडा, कापून घडवलेला असतो, तर पुढच्या काळातल्या एक्स्प्रेसमध्ये तो धातूची भुकटी साच्यात दाबून केलेला असतो.

जुनी विंगमास्टर घेताना मात्र नळीवर कोरलेला आकडा वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत. बऱ्याच जुन्या नळ्यांचे चेंबर पावणेतीन इंची असते आणि तीत तीन इंची काडतूस घालणे धोक्याचे आहे. ते आत जाऊन बसते, पण बार होताना त्याचे दुमडलेले तोंड उघडण्याइतकी जागा पुढे नसल्यामुळे दाब भलताच वाढतो. अशा जुन्या नळीचा चोक बहुधा पक्का असतो, बदलता येत नाही. अमेरिकेत १९९१ पासून पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाचे छर्रे चालत नाहीत, आणि पोलादाचे कठीण छर्रे पक्क्या फुल चोकमधून मारले तर नळीचे तोंड फुगू शकते. बदकांसाठी जुनी विंगमास्टर घ्यायची तर तिच्यासाठी बदलत्या चोकची, तिच्या रिसीव्हरला चालणारी दुसरी नळी मिळते का, हे आधी विचारावे आणि तो खर्च किमतीत धरावा. साडेतीन इंची काडतुसेच हवी असतील तर एक्स्प्रेसची सुपर मॅग्नम आवृत्ती शोधावी, तिथे जुन्या विंगमास्टरचा विचार सोडून द्यावा.

दुकानात दोन्ही बंदुका शेजारी ठेवून पाहता आल्या तर आधी दोन्ही रिकाम्या असल्याची खात्री करून घ्यावी, चेंबरमध्ये बॅटरीचा झोत टाकून गोल ओरखडे दिसतात का ते पाहावे, सरावाची नकली काडतुसे भरून मूठ दहा-बारा वेळा जोरात आणि दहा-बारा वेळा सावकाश ओढावी. सावकाश ओढतानाही काडतूस सुटून बाहेर पडले पाहिजे. मग डोळे मिटून, दिशा सुरक्षित ठेवून, दस्ता खांद्याला लावावा आणि डोळे उघडावेत. पुढची माशी रिसीव्हरच्या मध्यावर बरोबर दिसली, तर ती बंदूक तुम्हाला बसते.