शेळ्यांच्या गळ्यातले पट्टे: दहा महिने वापरून झाल्यावर

फेब्रुवारीत आमच्या 16 शेळ्यांच्या गळ्यात हालचाल टिपणारे पट्टे बांधले. आता डिसेंबर लागलाय. एक उन्हाळा, एक पावसाळा, एक व्यायचा हंगाम आणि एक मरतूक, एवढं सगळं या पट्ट्यांसोबत काढलं. घ्यायच्या आधी मी लई शोधलं, पण मराठीत शेळी पाळणाऱ्या माणसानं लिहिलेला अनुभव कुठंच सापडला नाही. जे होतं ते गायींचं, नाहीतर विकणाऱ्यांचं. म्हणून बसून सगळं लिहिते. कंपनीचं नाव मुद्दाम घालत नाही.

आमचं गाव भूम तालुक्यात, बालाघाटच्या माळाला. उस्मानाबादी 22 शेळ्या, दोन बोकड आणि त्या त्या वेळची करडं. ही जात लोक मटणासाठीच ओळखतात, पण आम्ही धारही काढतो. शेळी दिवसाला अर्धा लिटर देते, चांगली असली तर दीडपर्यंत जाते. करडांचं भागून जे उरतं ते साबण करणाऱ्या बचत गटाला जातं. दूध विकायचं म्हटलं की कास सांभाळावी लागते, आणि माझं निम्मं लक्ष त्यातच असतं.

पट्ट्याचं काम असं. आत एक चिप असते, ती मानेची हालचाल मोजते. त्यावरून शेळी खातेय, रवंथ करतेय, बसलीय की फिरतेय हे ओळखलं जातं. ती माहिती रेडिओ लहरींवर गच्चीवरच्या पेटीत येते आणि तिथून मोबाइलवर. शेळी चोवीस तासांत साधारण सहा ते आठ तास रवंथ करते. बहुतेक दुखण्यांत रवंथ लवकर कमी होतो. खाणं सोडण्याच्याही आधी. या एका गोष्टीसाठी मी हे पैसे घातले.

पहिले दोन महिने मात्र वैतागात गेले. ॲप रोज सांगायचं की शेळ्या माळावर काही खातच नाहीत. घरी येतात तेव्हा पोटं तर टम्म! शेवटी एक दिवस मीच त्यांच्यामागं फिरले आणि कोडं सुटलं. गाय मान खाली घालून चरते. आमची शेळी बोरीला, बाभळीला मागच्या दोन पायांवर उभी राहते, मान वर ताणते आणि शेंडा ओढते. गणित गायीचं बसवलेलं, त्यामुळं मान वर म्हणजे खाणं नाही असा त्याचा हिशेब. कंपनीला तीन व्हिडिओ काढून पाठवले. एप्रिलच्या मध्यात सुधारणा आली, तेव्हा खाण्याचा आकडा थोडा ताळ्यावर आला. आजही झाडपाल्याचं खाणं तो कमीच धरतो. रवंथाचा आकडा मात्र पहिल्यापासून बरोबर होता. मी घड्याळ लावून चार शेळ्यांसमोर बसून पडताळलाय. घेणाऱ्यानं पहिला प्रश्न हाच विचारावा: हे शेळीवर तपासलंय, का गायीचंच आणून बांधताय?

आता सगळ्यात मोठा फायदा सांगते, आणि तो आजार पकडण्याचा नाही.

एप्रिल-मेमध्ये आमच्याकडं पारा चाळिशी ओलांडतो. उस्मानाबादी बहुतेक काळी, ऊन शोषून घेणारी. आमचा गोठा पत्र्याचा. दुपारी शेळ्या आत घेतल्या की सावलीत आहेत म्हणून आपण निवांत. आलेखात बघितलं तर दुपारी बारा ते पाच रवंथ जवळजवळ बंद, पाच तासांत जेमतेम वीस मिनिटं, आणि सगळी भर रात्री. एका नाही, सोळाच्या सोळा शेळ्यांची तीच रेघ. मग साडेसातशे रुपयांचा तापमान आणि आर्द्रता दाखवणारा साधा मीटर आणला आणि शेळीच्या पाठीच्या उंचीवर, अडीच फुटावर टांगला. दुपारी चारला आत 43, बाहेर लिंबाखाली 39. ज्याला आम्ही सावली म्हणत होतो ती भट्टी होती. बाजूला बसून मोजलं तर आमची बांडी नावाची शेळी मिनिटाला नव्वदच्या पुढं धापा टाकत होती. निवांत शेळीचा श्वास मिनिटाला पंधरा ते तीस असतो. मी इतकी वर्षं त्याच दाराशी उभी राहून त्यांना बघत होते, पण असं मोजून कधी बघितलंच नव्हतं. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं.

मग पत्र्यावर उसाचं पाचट टाकलं, वरून चुना मारला, आणि दुपारी गोठ्यात कोंडणं बंद केलं. लिंबाखाली जाळी बांधली. चराई सकाळी सहा ते दहा आणि संध्याकाळी पाचनंतर. पाणी दोनदाच्या जागी चारदा, मातीच्या रांजणातलं. आठवड्याभरात दुपारचा रवंथ सव्वा तासावर आला. हे सगळं पट्ट्याशिवायही करता आलं असतं, हे मला कळतं. पण घरात सगळ्यांना पटलं ते ती रेघ बघून. मामंजी म्हणाले, "चार दिवस थांब, मी आणतो पाचट," आणि खरंच दुसऱ्या दिवशी ट्रॉली दारात.

आता कासेची गोष्ट. मृग बरसून गेला होता, जूनचा तिसरा आठवडा. पहाटे पाचला फोन वाजला: बांडीचा रवंथ नेहमीपेक्षा एक तृतीयांशानं कमी. गोठ्यात गेले तर बांडी उभी, कडबा ओढतेय. आत्याबाई म्हणाल्या, "खातीय की चांगली. त्या फोनला काय कळतंय आपल्या बांडीचं?" मी कासेला हात लावला. उजवी बाजू डावीपेक्षा गरम लागली, एवढंच. गाठ नाही, दुधात गुठळी नाही. थर्मामीटर लावला तर 105. शेळीचं अंग एरवी 102 ते 103.5 पर्यंत असतं.

घरी कासदाह, म्हणजे कासेची सूज, तपासायचं तबक होतं. दोन्ही सडांचं दूध वेगवेगळ्या खणात घेतलं, तेवढंच औषध घातलं आणि तबक फिरवलं. डावं पातळ राहिलं. उजवं भेंडीच्या बुळबुळीसारखं तार धरून आलं. इथं एक सांगते, कारण मी आधी यात फसलेय. शेळीच्या दुधात मुळातच पेशी जास्त असतात, त्यामुळं निरोगी शेळीचं दूधही या तपासणीत थोडं घट्ट होतं. गायीच्या हिशेबानं बघितलं तर प्रत्येक शेळी आजारी दिसेल. दोन सडांत फरक आहे का, ते बघायचं. डॉक्टर नऊला आले, तीन दिवस औषध दिलं. त्यांनी सांगितले तितके दिवस बांडीचं दूध गटाला दिलं नाही, ओतून टाकलं. सड वाचला. त्याच्या आदल्या वर्षी दुसऱ्या एका शेळीला हेच झालं होतं आणि कास दगडासारखी झाल्यावर आम्हाला कळलं. तो सड कायमचा गेला. तिचं करडू अजून एकाच सडाला लोंबकळतं.

या एका पहाटेवर मी इतकी खूश झाले की पुढं तेच नडलं.

सप्टेंबर. महालक्ष्म्यांचा सण, घरात पाहुणे, पुरणाचा घाट. चार-पाच दिवस गोठ्यात मी फक्त धारेपुरती गेले. फोनवर सगळ्या शेळ्या हिरव्या दिसत होत्या आणि मी त्या हिरव्या रंगावर विसंबले. तिसऱ्या दिवशी आमची चांदी शेळी माळावरच बसली, उठेना. जबड्याखाली पाणी उतरलेलं, गळवंड लोंबत होतं. उदगीरच्या पशुवैद्यक महाविद्यालयात शिकणारा पुतण्या सणाला आलेला. त्यानं तिची खालची पापणी ओढली आणि माझ्याकडं बघितलं. आत लाली नव्हतीच. कागद असावा तसं पांढरं. "काकू, हिच्या अंगात रक्तच राहिलं नाही." पोटातल्या रक्त पिणाऱ्या जंतांचं काम. डॉक्टरांनी होईल ते केलं. पहाटे चांदी गेली. माझ्या मांडीवर तिचं डोकं होतं, आणि फोनवर ती तेव्हाही हिरवीच.

नंतर पुतण्यानं तिचा पाच आठवड्यांचा आलेख उघडला. रवंथ सात तासांवरून पाचच्या खाली आला होता, पण रोज थोडा थोडा. ॲप प्रत्येक शेळीची तुलना तिच्याच मागच्या दहा दिवसांशी करतं. एका रात्रीत घसरण झाली तर ते ओरडतं. शेळी हळूहळू खचत गेली की तुलनेचा आकडाही तिच्याबरोबर खाली सरकत जातो आणि घंटा वाजतच नाही. जंत, उपासमार, खुरांचं वाढत जाणारं दुखणं, सगळी अशीच हळू येतात. कंपनीला हे कळवलं. महिन्याच्या जुन्या आकड्याशी तुलना द्या, एवढीच मागणी. "नोंद घेतली" असं उत्तर आलं, त्यावर आजपर्यंत काही झालेलं नाही. या गोष्टीचा राग मला अजून आहे.

तेव्हापासून दर रविवारी 22 शेळ्यांच्या पापण्या बघते. दक्षिण आफ्रिकेत यासाठी फामाचा नावाचं रंगाचं कार्ड तयार झालं. फाफा मलान या पशुवैद्याच्या नावावरून ते नाव पडलंय. लालपासून पांढऱ्यापर्यंत 1 ते 5 असे रंग. 1 आणि 2 असेल तर जंताचं औषध द्यायचं नाही, 4 आणि 5 ला लगेच द्यायचं, 3 ला शेळीची एकूण तब्येत बघून. सगळ्यांना सरसकट औषध पाजलं तर जंत औषधाला निगरगट्ट होतात. हे बघायला शेळीमागं अर्धा मिनिटही लागत नाही, पण उजेड दिवसाचा हवा आणि पापणी ओढायचा हात हलका.

पुतण्यानं आणखी एक गोष्ट शिकवली. युरोपात 2015 मध्ये दुभत्या शेळ्यांचं हित तपासायची ऑविन नावाची पद्धत तयार झाली. तिच्यात आधी लांब उभं राहून कळप बघायचा आणि मगच हात लावायचा. गव्हाणीपाशी कोण मागं ढकललं जातंय, कोण पाठ कुबड करून उभंय, केस कुणाचे राठ झालेत, खुरं कुणाची वाढलीत, कासेच्या दोन बाजू सारख्या आहेत का. आमच्या गव्हाणीवर दोन पाटी, म्हणजे अजून न व्यालेल्या तरण्या शेळ्या, रोज मागंच राहायच्या, थोराड शेळ्या शिंग दाखवायच्या. पट्ट्यात ते कधीच दिसलं नाही. दुसरी गव्हाण टाकली, भांडण मिटलं.

पट्ट्यानं शेळीला होणारा त्रासही लिहायलाच हवा. पावसाळ्यात पट्ट्याखाली ओल धरली आणि पाच शेळ्यांचे मानेचे केस गेले, एकीला जखम झाली. आता पट्ट्याला आतून जुन्या सुती लुगड्याची पट्टी शिवलीय, ती आठवड्याला बदलते. दोन बोटं सहज जातील इतका सैल ठेवते. दुसरं, येड्या बाभळीत पट्टा अडकून एक शेळी लटकता लटकता वाचली. कंपनीचा बक्कल कितीही ओढला तरी तुटत नाही. मी तो काढून तिथं सुतळीची कडी घातली, जोरात हिसडा बसला की तुटते. दोन पट्टे माळावर हरवले. त्याची मला खंत नाही.

एक रात्र आठवते, नोव्हेंबरमधली. पावणेतीनला फोन सारखा वाजायला लागला: चौदा शेळ्या माजावर! एरवी माज ओळखायला पट्टा चांगला आहे. वाढलेली फिराफिर लगेच दिसते, एकवीस दिवसांचं चक्र बरोबर पकडतो आणि बोकड दाखवायची वेळ चुकत नाही. पण एका मिनिटात चौदा शेळ्या माजावर येत नसतात. बॅटरी घेऊन धावलो तर कुत्र्यांची टोळी जाळी उकरत होती आणि शेळ्या एका कोपऱ्यात एकमेकींवर चढलेल्या. करडं वाचली. ॲपला हे ओळखता आलं नाही, पण त्यानं जागं केलं हेही खरं.

बारीकसारीक तक्रारी पटकन सांगते. सिंगल फेजचा खेळखंडोबा झाला की गच्चीवरची पेटी बंद पडते. तिला वेगळी बॅटरी लावावी लागली. पट्टा स्वतःजवळ सहा-सात तासांचीच माहिती साठवतो. कानातला सरकारी पिवळा बिल्ला बारा अंकी, तो क्रमांक ॲप घेत नाही, त्यामुळं लसीची आणि विम्याची नोंद वेगळ्या वहीत. मराठी आहे, पण "रवंथ" ऐवजी "चघळणे" लिहिलंय.

खर्च: पट्टा 3,200 रुपये, पेटी 14,000, वर्षाला दर पट्ट्यामागं 600. सोळा पट्ट्यांचे मिळून पहिल्या वर्षी पाऊण लाखाला टेकले. याच पैशात आधी काय घ्यावं असं कुणी विचारलं तर मी तापमानाचा मीटर, वजनकाटा, थर्मामीटर आणि कासदाहाचं तबक सांगेन. हे सगळं मिळून पंधरा हजारांच्या आत बसतं. दुभत्या शेळ्या दहाच्या आत असतील तर पट्टा घेऊ नका, रोज हात फिरवणं जमतं. वीसच्या वर असतील आणि माणूस एकच असेल, तर घ्या, पण निम्म्यांनाच.

मीही तेच केलंय. वर्गणी आठच पट्ट्यांची भरणार आहे. संक्रांतीच्या सुमारास ज्या सहा शेळ्या व्यायच्या आहेत त्यांच्या गळ्यात सहा, बांडीच्या गळ्यात एक. आठवा चांदीच्या पाटीला बांधलाय. ती आता अकरा महिन्यांची आहे, आणि काल रविवारी तिच्या पापणीचा रंग 2 निघाला.