चॅम्पियनशिपचा बाक की लीग टूचं मैदान?

इंग्लंडच्या फुटबॉलच्या खालच्या विभागांत गोल करणाऱ्या स्ट्रायकरला कधी ना कधी हा पेच पडतोच. चॅम्पियनशिपमधला, म्हणजे दुसऱ्या स्तरावरचा क्लब राखीव म्हणून घ्यायला तयार असतो आणि लीग टूमधला, म्हणजे चौथ्या स्तरावरचा क्लब पहिल्या दिवसापासून मुख्य स्ट्रायकरचा नऊ नंबरचा शर्ट देऊ करतो.

पैशांचं आधी उरकून टाकू. चॅम्पियनशिपमधला पगार बाकावर बसूनही मिळतो. खाली मूळ पगार बेताचा आणि करारात बऱ्याचदा सामन्यामागे, गोलामागे वेगळी रक्कम. म्हणजे मांडीचा स्नायू दुखावला की कळ खिशालाही लागते. इथे चॅम्पियनशिप सरळ पुढे, वादच नाही.

खरा फरक मिनिटांचा. दोन्हीकडे २४ संघ आणि ४६ सामनेच. पण ८५व्या मिनिटाला आत आलेल्याला मिळाली तर एखादी संधी मिळते, आणि ती हुकली की पुढच्या आठवड्यात पुन्हा बाक. पहिल्यापासून खेळणारा दोन संधी दवडूनही तिसरीची वाट बघू शकतो. गोल करायची सवय सरावात टिकत नाही, असं माझं मत.

इंग्लिश स्ट्रायकर रिकी लँबर्टने मैदान आणि बाक दोन्ही अनुभवलं. २००९ मध्ये तो तिसऱ्या स्तरावर घसरलेल्या साउदॅम्प्टनमध्ये गेला, नियमित खेळला आणि संघासोबत सर्वोच्च स्तरापर्यंत, म्हणजे प्रीमियर लीगपर्यंत चढला. २०१३ मध्ये, एकतिसाव्या वर्षी, इंग्लंडकडून पदार्पणात पहिल्याच स्पर्शाला गोल! पुढच्या वर्षी लहानपणापासूनच्या लाडक्या लिव्हरपूलमध्ये गेला. तिथे बहुतेक वेळ बाकावर गेला आणि लीगमध्ये फक्त दोन गोल झाले.

उलट बाजूला स्ट्रायकर जेमी वार्डी आहे. २०१२ मध्ये लीग टूच्याही खालच्या स्तरावरच्या फ्लीटवूडहून थेट चॅम्पियनशिपमधल्या लेस्टरला गेला, पहिला मोसम इतका फसला की खेळ सोडायचा विचार करत होता. क्लबने धीर धरला, आणि २०१५ मध्ये त्याने प्रीमियर लीगच्या सलग ११ सामन्यांत गोल केले. पण असा धीर धरणारा क्लब गृहीत धरू नका.

खालच्या बाजूची खोट म्हणजे आखूड करार. २०१६ मध्ये वेम्ब्लीवर स्ट्रायकर अकिनफेन्वाने एएफसी विम्बल्डनकडून लीग टूच्या प्लेऑफ फायनलमध्ये, म्हणजे वर चढण्यासाठीच्या निर्णायक सामन्यात, गोल केला, संघ वर गेला, आणि तो मात्र त्याच दिवशी बेरोजगार! टीव्हीवरच त्याने इतर क्लबांच्या मॅनेजरना आपल्याला व्हॉट्सअ‍ॅप करायला सांगितलं. पुढे वायकम क्लबने घेतलं, ही गोष्ट वेगळी.

वय वीसच्या आत असेल तर मी वरचा करार घेऊन लोनवर, म्हणजे तात्पुरतं दुसऱ्या क्लबकडे, खेळायला पाठवण्याची अट घालीन. तेवीस ते सत्तावीस या वयात डोळे झाकून लीग टू. तिशी उलटल्यावर जो क्लब दोन वर्षांचं लिहून देईल तो.

तरीही वर जायचंच असेल तर सही करण्याआधी मॅनेजर पुढे एक स्ट्रायकर खेळवतो की दोन, ते विचारा. एकच खेळवत असेल, आणि तोही याच उन्हाळ्यात भरपूर पैसे मोजून आणलेला असेल, तर तुमची बाकावरची जागा पक्की.